वांबोरी ते श्रीरामपूर: नव्या वेळापत्रकात आत्याची नोकरी बसते का

माझी आत्या वांबोरीला राहते आणि श्रीरामपूरला मुलींच्या शाळेत शिकवते. मी शाळेत जायच्या आधी अक्षरं आणि पाढे मला तिनेच शिकवले, आमच्या भिंगारच्या घरी. त्यामुळे ती फोनवर म्हणाली, "एक दिवस माझ्याबरोबर जाऊन-येऊन बघ, आणि रोज जमेल का ते खरं सांग," तेव्हा मला टाळता आलं नाही.

नव्या वेळापत्रकात तिची सकाळची पॅसेंजर उशिरा येते आणि संध्याकाळचीही. शाळेने सांगितलंय, वेळेवर या, नाहीतर नोकरीचा विचार करा. आतोबांना, म्हणजे तिच्या यजमानांना, अर्धांगवायू झाल्यापासून संध्याकाळी तीच भरवते. श्रीरामपूरला खोली घ्या, असं सगळे सांगतात. आतोबा वांबोरीच्या घराचा ओटा सोडायला तयार नाहीत. दिवसभर येणारी-जाणारी माणसं तिथे त्यांच्याशी बोलतात.

मी आदल्या दिवशीच वांबोरीला मुक्कामाला गेले. सकाळी गाडीचा उपयोग नाही, म्हणून जीपने फाट्यावर आलो. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा. श्रीरामपूरची एसटी भरलेली होती, ती थांबलीच नाही. मग शिर्डीकडे जाणारी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, जागा मात्र नाही.

कंडक्टरने आत्याला ओळखलं. "मॅडम, तुमी रेल्वेवाल्या ना? आता आमची आठवन झाली व्हय?"

"तुमची नाही, सीटची होते," आत्या म्हणाली.

तो हसला. सीट काही मिळाली नाही. प्रवरेच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. कोल्हारला उतरून पुन्हा जीप. स्टँडवर चहा चांगला होता, पण मी घड्याळाकडे बघतच प्यायले, त्यामुळे जीभ भाजली. शाळेत पोचलो तेव्हा आत्याने चालत्या पावली अंगठा लावला. वेळेत होती, जेमतेम.

हे अंगठ्याचं यंत्र का आलं, ते शिपाईमामांनी सांगितलं. निम्म्या शिक्षिका गाडीने येणाऱ्या, म्हणून इथे वर्षानुवर्षं घंटा गाडीवर होती. गाडीची शिट्टी ऐकू आली की बाई स्टेशनवरून चालत येईपर्यंत थांबायचं आणि मग टोल द्यायचा. वेळापत्रक बदललं त्या दिवशी गाडीच्या आधी मालगाडी आली.

"मी शिट्टी ऐकली, थांबलो, टोल दिला," मामा म्हणाले. "पोरी रांगेत हुब्या, आन् बाई एक न्हाई. निस्ता कालवा. मग बसवलं यंत्र."

येताना गाडी, कारण संध्याकाळी एसटीत चढायलाही मिळत नाही. शहर श्रीरामपूर, पण स्टेशनचं नाव बेलापूर, तिकीट काढताना तेच सांगा. पास एसटीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. शाळा सुटल्यावर फलाटावर इतका वेळ बसावं लागलं की आत्याच्या वह्या तपासून संपल्या. शेजारी राहुरीची एक पासवाली होती, दवाखान्यात काम करणारी.

"सासू म्हनती, रोज येवढा उशीर, श्रीरामपुरात दुसरं घर केलं का काय."

"मग काय सांगितलंस?" आत्याने विचारलं.

"म्हनलं, केलंय. फलाटावर."

गाडी आली, पण पुढच्या एका छोट्या स्टेशनात ती बाजूला लावली. मागून एक्सप्रेस जायची होती. आत्या खिडकीशी डोळे मिटून बसली होती, झोपलेली नव्हती.

वांबोरीला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. शेजारणीने आतोबांना ताट वाढून दिलं होतं. त्यांनी डाव्या हाताने जेवायचा प्रयत्न केला असावा. सदऱ्यावर भात सांडला होता, वरण वाळून गेलं होतं. आत्याने फडकं ओलं केलं आणि त्यांची हनुवटी पुसत मला विचारलं, "बोल. जमेल?"

आतोबा ऐकत होते. मला गोड काहीतरी बोलता आलं असतं.

"जाताना ओढूनताणून जमेल," मी म्हटलं. "येताना नाही."

आत्याने फडकं पिळलं. मग आतोबा सावकाश म्हणाले, "खोली बघ. तळमजल्याची."

"तुम्हीच नको म्हणत होतात," आत्या म्हणाली.

"व्हय. आता बघ म्हनतो."

तर, एखाद्या दिवसाच्या कामासाठी जाणार असाल तर जाताना एसटी, येताना गाडी, हे चालतं. रोज करणार असाल तर घरी कोण वाट बघतंय, ते आधी बघा. भिंगारला परत आल्यावर दोन दिवस माझे पाय दुखत होते. आत्या हे रोज करणार होती.

नंतर तिच्याबरोबर जाऊन मी खोली पाहून आले. शाळेपासून जवळ आहे, तळमजल्याची आहे. दारासमोर दुसऱ्या घराची पाठभिंत आहे. घरी पोचले तोच आतोबांचा फोन आला.

"दारातून मानसं दिसत्यात का?"

"गल्लीतून जातील तेवढी दिसतील," मी म्हटलं. "समोर भिंत आहे."

"बरं," ते म्हणाले. "तुज्या आत्याला सांगू नगं मी इचारलं म्हनून."