डिझेलवाल्याने निवडलेली गाडी

"तुझंही खरं," असं म्हणून तो चिंध्यांच्या बोळ्याला हात पुसायचा आणि वाद तिथेच विझायचा. समोरच्याचा राग मात्र विझायचा नाही. निदान माझा तरी नाही. आपण भांडायला कंबर कसावी आणि पलीकडच्याने आपल्याच बाजूला येऊन बसावं, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, सगळ्यांना आवडणारा. त्याच्या शेजारी रोज काम करून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

अरबांच्या मुलखात, तबूकमध्ये, एका ठेकेदाराच्या गॅरेजात आम्ही दोघं मेकॅनिक होतो. तेलाच्या पैशाचे दिवस होते. जिकडे पाहावं तिकडे रस्ते, बराकी, पाण्याच्या टाक्या उभ्या राहत होत्या, आणि प्यायचं पाणी पेट्रोलपेक्षा महाग होतं. गॅरेजात दोन शेड. पेट्रोलच्या गाड्या माझ्याकडे, डिझेलचे ट्रक आणि बुलडोझर त्याच्याकडे. मी चिपळूणचा. तो दाभोळच्या खाडीकाठचा, मच्छीमार लाँचवर इंजिन सांभाळत वाढलेला. कॅम्पात सगळे त्याला डिझेलवाला म्हणत. मला कधी कुणी पेट्रोलवाला म्हटलं नाही.

त्याच्यात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे इकामे, राहण्याचे परवाने होते तो मालक, संध्याकाळी चक्कर मारायला यायचा तो आधी त्याच्या शेडमध्ये. तिथे दोघं उलट्या पिंपांवर बसून खजूर खात. माझ्याकडे यायचा तेव्हा उभ्या उभ्या, किल्ल्या वाजवत.

घरून त्याला कॅसेट यायच्या. बायको टेपरेकॉर्डरपुढे बसून त्याला मनसोक्त झापायची. मधेच कोंबड्या ओरडायच्या, रहाट कुरकुरायचा, आणि ती म्हणायची, "थांबा हो, मांजर आलं मासळीवर." मग नुसतीच धावपळ ऐकू यायची. शुक्रवारी अख्खी खोली ती कॅसेट ऐकायला जमायची. मी माझ्या बायकोलाही कॅसेट पाठवायला सांगितलं होतं. तिने एकदा पाठवली. त्यात ती "ऐकू येतंय का?" एवढंच म्हणाली, आणि पुढे सगळी खरखर. तिला लाज वाटली, दुसरं काय! पण त्या शुक्रवारी मी त्याच्या कॅसेटला हसलो नाही.

आता मुख्य गोष्ट. कफीलची आई बदू घराण्यातली, तंबूत जन्मलेली. मुलाने सिमेंटचा मोठा बंगला बांधला, पण हिवाळा लागला की म्हातारीचा जीव वाळवंटाकडे ओढायचा. गुडघे गेलेले, जमिनीवर झोपवत नव्हतं. तेव्हा कफीलने ठरवलं की तिच्यासाठी घरगाडी घ्यायची. आत पलंग, चूल, न्हाणीघर असलेली. जेद्दाच्या एका व्यापाऱ्याकडे अशा दोन गाड्या आल्या होत्या. एक अमेरिकन, पेट्रोलची. दुसरी जर्मन, डिझेलची. आम्हा दोघांना घेऊन कफील जेद्दाला निघाला. "तुम्ही बघा, तुम्ही भांडा, मग मी ठरवतो," तो म्हणाला. आणि मग सहज बोलल्यासारखं पुढे म्हणाला, "जो गाडी सांभाळेल त्याला मागच्या अंगणातली खोली देईन. बायकोला आणायची परवानगीही मिळवून देईन."

हे वाक्य आम्ही दोघांनी ऐकलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी मात्र मनातल्या मनात त्या खोलीत पडदे लावले.

जेद्दाच्या जुन्या बाजारात, बलदमध्ये, डिझेलवाल्याच्या गावचा एक कापडवाला निघाला. दुकान बंद करून त्याने आम्हाला घरी नेलं, सुरमईची आमटी आणि भात वाढला, त्याला गळामिठी घातली आणि मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी त्या आमटीची चव आजही विसरलेलो नाही आणि तो प्रश्नही.

दुसऱ्या दिवशी गाड्या पाहिल्या. विकणारा लेबनानी अमेरिकेत शिकलेला होता. अमेरिकन गाडीवर थाप मारून तो म्हणाला, "ही गॅसवर चालते." आमच्या डिझेलवाल्याने आत जाऊन चुलीखालचा सिलिंडर हलवून पाहिला आणि बाहेर येऊन गंभीरपणे विचारलं, "एवढ्याशा सिलिंडरवर एवढं धूड?" अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात, हे लेबनान्याने हसत सांगितलं. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. तोही हसला, त्यामुळे माझ्या हसण्याची मजा गेली.

मग मी माझी बाजू मांडली. पेट्रोलचं इंजिन शांत. तबूकच्या थंडीत डिझेल सकाळी उठायला तयार नसतं, पेट्रोल चावी फिरवताच उठतं. तो म्हणाला, "तुझंही खरं." मग त्याने आपली मांडली. डिझेल जास्त लांब जातं, वाळूत जोर काढतं, आणि चुलीच्या शेजारी पेट्रोलची टाकी नको. कफील दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मला दिसत होतं, पारडं त्याच्याकडे झुकतंय.

तेवढ्यात डिझेलवाला म्हणाला, "दोन्ही चालू करा." चपला काढून तो आधी जर्मन गाडीत चढला आणि मागच्या पलंगावर चक्क आडवा झाला. इंजिन धडधडत होतं. बराच वेळ तो पडून होता. मग उतरला, अमेरिकन गाडीत गेला, तिथेही आडवा झाला. बाहेर आला तेव्हा चेहरा असा की जणू स्वतःच्याच घरात कुणी भांडण केलंय.

"पेट्रोलची घ्या," तो कफीलला म्हणाला. "डिझेलमध्ये माझे दात वाजले. वासही येतो आत. आईला दुखेल. हा म्हणतो ते बरोबर."

मी जिंकलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर. आणि कफील त्याच्याकडे असा बघत होता, जसं माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर कफीलने निकाल सांगितला. गाडी पेट्रोलची. सांभाळणार डिझेलवाला. "ज्याने स्वतःचं सोडून माझ्या आईचं बघितलं, त्याच्याच हाती तिला देईन." माझ्याकडे वळून म्हणाला, "तू त्याला शिकव. खलास."

गाडी माझी आणि खोली त्याची.

तो रोज संध्याकाळी माझ्या शेडमध्ये शिकायला यायचा. कार्ब्युरेटर कसा साफ करायचा, प्लगची फट किती ठेवायची. मी तुटक बोलायचो. तो कॅम्पात सगळ्यांना सांगायचा, "हा माझा उस्ताद." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे, आणि मला वाटायचं, हेही याच्याचमुळे.

हिवाळ्यात ते डोंगरांच्या पायथ्याशी वाळवंटात जाऊन राहायचे, कफीलचं कुटुंब तंबूत आणि म्हातारी गाडीत. तो परतला की कॅम्पात गोष्टी सांगायचा. म्हातारी पडद्याआडून त्याला उंटांची नावं शिकवते. तो तिला माशांची नावं सांगतो. तिने जन्मात समुद्र पाहिलेला नाही, म्हणून ती म्हणते, "तू खोटारडा आहेस, एवढं पाणी अल्लाकडेसुद्धा नसेल." सगळे पोट धरून हसत. मी माझ्या खाटेवर पाठ करून पडून राहायचो आणि सगळं ऐकायचो.

दुसऱ्या हिवाळ्यात म्हातारी त्या गाडीतच वारली, सकाळच्या उन्हात, दार उघडं असताना. त्याने गाडी बंगल्यापर्यंत इतकी हळू आणली म्हणे, की मागची सगळी वाहनं पायी चालल्यासारखी येत होती. बायकोच्या परवानगीचे कागद तेव्हा नुकतेच झाले होते. कफीलने ती खोली तशीच त्याच्या नावावर ठेवली होती. पण त्याने घरी जायची परवानगी मागितली, कायमची.

"अरे, बायको येणार होती ना?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"तिला इथे आणून काय करू? खिडकीतून भिंत दाखवू?" तो म्हणाला. "मीच जातो. आता तू बघ गाडी. तशी तुझीच होती."

आणि गेला. नंतर भेट नाही. खाडीकाठी कुणाच्या तरी लाँचवर आहे, असं कुणीतरी सांगितलं. पुढे सांगणारेही राहिले नाहीत.

एक हिवाळा गाडी आवारात उभी राहिली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कफीलने मला बोलावलं आणि मी गाडी घेऊन त्याच डोंगरांच्या पायथ्याशी गेलो. चावी फिरवताच इंजिन उठलं. सगळं मला हवं होतं तसं होतं. फक्त कफीलचा भाऊ म्हणायचा, "तो इथे लावायचा, सावलीत." कफील म्हणायचा, "तो दार असं धरायचा." गेलेल्या माणसाचा मत्सर करणं फार कठीण असतं, तो काही चुकतच नाही.

एका दुपारी कफीलने स्वतः किटलीतून मला चहा ओतून दिला. पहिल्या घोटालाच मी थांबलो. साखरेचा कण नव्हता. अरबांचा चहा म्हणजे पाक असतो. त्याच्या स्वतःच्या पेल्यात तळाशी साखरेचा थर दिसत होता.

"तुझा वेगळा केलाय," कफील म्हणाला. "तुम्ही हिंदी लोक साखर घालत नाही ना. डॉक्टरने आईची साखर तोडली तेव्हा ती रुसली होती, चहालाच शिवेना. मग डिझेलवाल्याने तिला सांगितलं, 'यम्मा, आमच्या मुलखात कुणीच साखर घालत नाही, चहाची चव मरते.' रोज तिच्या गाडीपाशी बसून तसाच प्यायचा. मग तीही प्यायला लागली."

मी पेल्याकडे बघत राहिलो. कॅम्पात गोड दुधाचा डबा आम्ही डिझेलवाल्यापासून लपवून ठेवायचो. नाहीतर बोटाने पुसून संपवायचा.

"खरं ना?" कफीलने विचारलं.

"खरं," मी म्हणालो. "आम्ही असाच पितो."

आणि चहा संपवून रिकामा पेला पुढे केला.