शेपटीतली पेटी घेऊन मस्कतपर्यंत

पंचवीस वर्षं मी विमानांचे कागद सांभाळतोय, पण खासगी जेटमध्ये बसायची वेळ त्या मंगळवारी सकाळी लोहगावला पहिल्यांदाच आली. आठ आसनांचं, भाड्याने उडणारं विमान. आदल्याच दिवशी त्याच्या शेपटीवरची भारताची अक्षरं खरवडून तिथे माल्टाची चिकटवली होती. नव्या नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र विमानातच असावं लागतं, म्हणून त्याची फाइल घेऊन मी विमानाबरोबरच मस्कतमार्गे माल्टाला निघालो होतो.

"पुण्यातलं विमान, मग ते माल्टाचं का करायचं?" घरातून निघताना बायकोने, शैलजाने, विचारलं होतं.

तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. भारतातल्या भारतात भाड्याने माणसं न्यायची तर नोंद इथलीच लागते. या विमानाच्या मालकांना युरोपातली भाडी हवी होती, म्हणून नोंद तिकडची. कर्ज देणाऱ्या बँकांना असा देश आवडतो, जिथे वेळ आली तर विमान पटकन ताब्यात घेता येतं. काही जण लांबच्या एखाद्या बेटाची अक्षरं लावतात. तिथे काम झटपट होतं आणि मालक कोण, हे फारसं कुणी विचारत नाही.

"म्हणजे सोयीचं माहेर," शैलजा म्हणाली.

विमान उडालं. हिंजवडीच्या काचेच्या इमारती खाली सरकल्या, मग डोंगरांच्या कडा, मग नुसतं पाणी. कॉकपिटचं दार उघडंच होतं. कॅप्टन नाझनीन शेख, आमच्या पुणे कॅम्पातल्याच, मागे वळून म्हणाल्या, "काका, फाइल सोडा आता. ती काही उडी मारणार नाही."

मी हसलो आणि वेळ घालवायला समोरचं सुरक्षेचं कार्ड उघडलं. त्यात विमानाच्या शेपटीचं चित्र होतं आणि शेपटीत एक पेटी (विमान आदळलं की उपग्रहांना आपोआप हाक देणारी). ते चित्र पाहिलं आणि मला माझी एक सही आठवली.

त्या हाकेत देशाचा संकेत असतो. देश बदलला की पेटीतला संकेतही बदलावा लागतो. तो बदलल्याच्या फॉर्मवर माझी सही होती, पण पेटी मी पाहिलीच नव्हती. लोहगावचा तळ हवाई दलाचा. आत जायचा पास मिळवण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून वर्षभर मी वाघोलीच्या ऑफिसात बसूनच सह्या ठोकत होतो. संकेत बदललाच नसेल आणि आम्ही पाण्यात पडलो, तर शोधणारे आधी दिल्लीला विचारणार, हे विमान कुणाचं? आणि दिल्लीच्या नोंदणी-यादीतून ते कालच खोडलेलं.

मी गप्प बसलो. मला समुद्राची भीती वाटत होती आणि तेवढीच नोकरीचीही. अर्ध्या तासाने उठलो आणि कॉकपिटच्या दारात उभं राहून सगळं सांगून टाकलं.

कॅप्टननी समोरच्या पडद्यावरचं अंतर पाहिलं. मग म्हणाल्या, "आता मागे फिरायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात मस्कत येईल. जागेवर बसा, पट्टा बांधा." आणि वळून, "असं आणखी किती विमानांचं केलंय तुम्ही?"

"तीन," मी म्हणालो.

मस्कतला डांबर तापलं होतं. चहूबाजूंनी उघडेबोडके तपकिरी डोंगर. तिथल्या इंजिनिअरने शेपटीचं झाकण उघडलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. पेटीवर भारताचीच अक्षरं होती; संकेत बदललाच नव्हता.

त्याने खजूर आणि कहवा (वेलदोडा घातलेली कडवट कॉफी) पुढे केला. मी पेला तसाच खाली ठेवला. कॅप्टननी शांतपणे दोन खजूर खाल्ले आणि विमानाच्या वहीत लिहिलं, पेटी दुरुस्त होईपर्यंत उड्डाण नाही.

"फाइल माल्टाला मी नेते," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी जा आणि त्या तीन विमानांचं बघा."

मी ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. "असलं काही लिहून पाठवू नका," ते म्हणाले. "इथे या, मग बघू." परतीच्या विमानाची वाट बघत मी तिथेच तिन्ही विमानांच्या मालकांना, मी पेटी न बघताच सही केली, ती तपासून घ्या, अशी स्वतःच्या नावाने पत्रं लिहिली आणि पाठवून दिली. मुंबईला उतरलो, बसने पुण्याला आलो. साहेबांनी सहीचा अधिकार काढून घेतला. ते बरोबरच झालं.

तिघांचीही उत्तरं आली. एकाची पेटी बरोबर निघाली, दुसऱ्याची चुकीची, त्याने ती लगेच दुरुस्त करून घेतली. तिसरं विमान मधल्या काळात दलालामार्फत विकलं गेलंय. नवा मालक कोण, ते आता कोणत्या बेटाची अक्षरं लावून उडतंय, हे जुन्या मालकालाही सांगता येत नाही. तिथल्या माझ्यासारख्या कुणीतरी सही करण्याआधी उठून झाकण उघडलं असेल, एवढीच आशा.

आमच्या वाघोलीच्या घरावरून विमानं जातात. आवाज आला की मी गच्चीत जातो आणि शेपटीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करतो. शैलजा म्हणते, एवढ्या उंचावरचं दिसतं का कधी? दिसत नाही. तरी आवाज थांबेपर्यंत मी तिथेच उभा असतो.