पत्र्याचा गुण्या

पडदा वर जातो तेव्हा समोर एक टेबल, एक संगणक आणि गार झालेला चहा. खिडकीबाहेर नवीन जालन्यातल्या रिक्षांचा गलका. टेबलाशी बसली आहे दैवशाला. वय त्रेचाळीस. कुंभार पिंपळगावची लेक, अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवते. पीएच.डी.चं सातवं वर्ष, आणि प्रबंध द्यायला उरलेत बारा दिवस.

विषय पातळ पत्र्याचा. पत्रा कलंडला, उलटला, पार दुमडला, तर त्याच्या अंगात कुठे किती ताण येईल हे समीकरणांनी आधीच सांगायचं. आणि तिथंच घोडं अडलं होतं. न ताणता, न दाबता पत्रा नुसता आडव्याचा उभा केला, तरी संगणक छातीठोकपणे सांगे, पत्रा आखडला!

मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "मॅडम, मोठ्या फिरण्याचं प्रकरण गाळा. थोडं कललेलं बरोबर येतंय ना? पदवीला तेवढं पुरे."

"सर, वादळात पत्रा थोडाच कलून थांबतो होय?"

दैवशालानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आईसाठी सांगितलेली धान्याची कोठी आणायला ती कचरू पत्रेवाल्याकडे गेली. कचरू पत्रा वाकवत होता. दर वळणाला काटकोनी गुण्या पत्र्याच्याच काठाला लावी आणि मगच माप घेई.

"कचरूभाऊ, जमिनीवर एवढी सरळ रेघ आखलीय. तिच्यावरून का मापत न्हाई?"

"आवं ताई, पत्रा उभा केला की त्या रेघेवर त्याची लांबी कितीक भरंल? काहीच न्हाई! मंग काय पत्रा चोरीला गेला म्हणावं?" कचरू मनापासून हसला. "त्यो फिरला की गुण्या बी त्याच्यासंगं फिरवायचा. बिलकुल सोपं हाय."

दैवशाला जागच्या जागी उभी राहिली. सात वर्षं ती जमिनीवरच्या रेघेवरूनच मापत होती! ती तरातरा निघाली.

"ताई, कोठी राह्यली!" कचरू मागून ओरडला.

तिनं जुना प्रोग्रॅम मोडीत काढला. पत्र्याच्या प्रत्येक इवल्या तुकड्याला त्याचा स्वतःचा गुण्या दिला. आधी फिरणं वजा करायचं, मग उरेल तो ताण मोजायचा. नऊ दिवस हेच. दहाव्या दिवशी संगणकातला पत्रा आडव्याचा उभा केला, मग गरकन पार उलटा फिरवला. दोन्ही वेळा पडद्यावर ताण आला शून्य.

सरांचा फोन आला. "मग? गाळलं का ते प्रकरण?"

"न्हाई सर. पत्रा आत्ता कुठं फिरलाय, अजून दुमडायचाय. दोन दिवस आहेत माझ्याकडं."