भावजींचा अर्धा कागद

"सही न्हाई त्या कागदाला तलाठी तरी इचारतोय का रं?" आमचे मालक सोप्यात बसून धाकट्या भावाला झाडत होते. मी चुलीपाशी भाकरी थापत सगळं ऐकत होते. "लोकं लष्करातनं येताना पेट्या भरून सामान आणत्यात. तू फाटकी चिठ्ठी आणलीस."

"दादा, सही म्होरल्या पानावर असंल. घावंल कवातरी."

"आन् न्हाई घावली तर?"

"तर हुडकत राहीन."

हे आमचे लालासाहेब भावजी. हवालदार होते. काँगोत शांतिसेनेत असताना तिथल्या लोकांत फ्रेंच शिकले. पुढं पाँडिचेरीत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दीडशे वर्षांमागच्या फ्रेंच लेखकांची हातानं लिहिलेली पत्रं त्यांनी पाहिली आणि गडी नादाला लागला. उंब्रजात कुणाला शर्यतीच्या बैलांचा नाद, आमच्या भावजींना पत्रांचा. त्यातही सगळा जीव त्या अर्ध्या कागदावर. अक्षर तिकडच्या एका थोर लेखकाचंच, असं ते छातीठोक सांगायचे. पण सहीबिगर मानतंय कोण?

एकदा मी विचारलं, "त्यात लिवलंय तरी काय?"

"बुटात पाणी शिरतंय म्हणतोय, वैनी. 'म्हणून मी', आन् तितंच पान संपलं."

एवढा थोर माणूस आणि दुखणं बुटाचं. तेव्हापासून मला तो घरातलाच वाटायला लागला.

गेल्या वर्षी त्याच दुकानदारानं फोनवर एका पानाचा फोटो धाडला. तेच अक्षर, खाली सही आणि फाटल्या कडेला शाईचा अर्धा डाग. उरलेला अर्धा भावजींच्या पानावर. ज्या बाईचं ते पान होतं तिला पैसा नको होता, बदल्यात दुसरी पत्रं हवी होती. भावजींनी आपली चांगली, सहीची दोन पत्रं पिशवीत घातली आणि गाडी धरली.

परत आले ते थेट मालकांपुढं. दोन्ही पानं शेजारी मांडली. कडेला कड बसली, डाग पुरा झाला. मालकांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा पुसला.

"वाच की म्होरलं."

"'म्हणून मी जेवायला येत न्हाई, पण माझा वाटा झाकून ठेवा.'"

मालक डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग चपला अडकवून गल्लीत गेले आणि दिसेल त्याला हाताला धरून आणू लागले. "चला, आमच्या लालाचा कागद जुळला." त्या दिवशी माझं चहाचं पातेलं चुलीवरून उतरलंच नाही.

भावजी यंदा पौषात गेले. आदल्या दिवशी सोमवार होता. नेहमीसारखे कराडच्या पोस्टात गेले, 'आणखी काही आलंय का' असं पाँडिचेरीच्या दुकानदाराला स्वतःच्या हातानं लिहिलेलं पाकीट टाकलं, येताना माझी मिसरी आणली, आणि चपला दाराशी सरळ लावून आत आले.