खांदशेकणीचा धडा

आधीच कबूल करते, त्या वर्षी माझा देवीवर राग होता. आमचं बेला हे आंध्रातलं, पण महाराष्ट्राच्या सीमेवरचं मराठी गाव; तिथून सरस्वतीचं बासर काही जवळ नाही. तरी मी लहान असताना बाबा बस बदलत बदलत मला तिथे घेऊन गेले होते आणि सरस्वतीसमोर तांदळात माझ्याकडून पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं. तीच मी, आदिलाबादच्या नर्सिंग शाळेत शरीरशास्त्रात नापास झाले. नव्वदच्या आसपासची गोष्ट. परीक्षेला आणखी एकदाच बसायची परवानगी होती; त्यातही नापास झाले तर नाव कटणार, असं शाळेच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. गावातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी. मी हात हलवत परत आले असते, तर माझ्यामागच्या पोरींना कोणी घराबाहेर पाठवलं नसतं.

गोंधळ एवढा होता की कुठून सांगू कळत नाही. माझी शाळा मराठीतली, पुस्तक इंग्रजी, शिकवणं तेलुगूत. आहाराचा पेपर कसाबसा निघाला, कारण ज्वारी, तूर, अंबाडी खाऊनच मी वाढले होते. त्यांच्यातली पिष्टं आणि प्रथिनं तेवढी घोकावी लागली. विज्ञानातली तरफ आणि दाबही डोक्यात शिरले. स्नायू मात्र शिरेनात. हात वाकवायला पुढचा स्नायू, सरळ करायला मागचा, असं पुस्तक म्हणे. दोन कशाला? ज्याने वाकवला त्यानेच ढकलून सरळ करावा की. मी रात्री पाठ करायची आणि सकाळी नेमकं उलटं लिहायची. देवीला म्हटलं, अक्षर गिरवून घेतलंस, पुढचं कोणी बघायचं?

परीक्षेला आठ दिवस होते आणि पोळा आला. मी पुस्तक घेऊन घरी गेले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे आणि पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची. आमचं शेकणं चालू होतं, तेवढ्यात दारासमोर एका अनोळखी म्हाताऱ्याच्या गाडीचं चाक निखळलं. पैनगंगेपलीकडचा होता, लेकीकडे निघालेला. बाबा म्हणाले, "आजच्या दिवशी बैलाचा खांदा कोरडा ठेवू नये. आमच्या बैलाईसंगंच शेका."

त्याचा एक बैल पुढच्या पायाने लंगडत होता. मी गरम पाण्याचं भांडं धरून उभी होते. म्हातारा दुखऱ्या जागेवर नाही, भलतीकडेच चोळत होता. मला राहवलं नाही. "आजा, तिकडं काऊन चोळून राह्यले? दुखनं तर इकडं हाय."

"हात लाव, माय," तो म्हणाला. "हे मास फकस्त वढते. ढकलनं त्याले येत नाही. पाय पुढं न्याचा त हे वढते, मांगं आनाचा त थे वढते. अन् एक वढून राह्यलं का दुसऱ्यानं सुटलं पाह्यजे. इथं दोघंई धरून बसले, म्हून पाय आखडला. बैलाचा खांदा छातीले हाडानं जोडला नसते, माय. सारा भार मासावरच."

त्याने बैलाला एक पाऊल चालवलं. माझ्या तळव्याखाली एक स्नायू घट्ट झाला आणि शेजारचा सैल पडला. महिनाभर पुस्तकात जे दिसत नव्हतं, ते हाताला कळलं. मला रडू आलं. म्हाताऱ्याला वाटलं, वाफेने हात भाजला.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई आल्या होत्या. त्यांनी नेमकं हाताचंच विचारलं. मी न अडखळता सांगितलं. मग त्यांनी विचारलं, खांदा छातीशी कोणत्या हाडाने जोडलेला असतो? माझ्या डोक्यात बैल. मी छातीठोकपणे सांगितलं, हाड नसतंच, सारा भार स्नायूंवर. बाईंनी स्वतःच्या गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवलं आणि तेलुगूत विचारलं, मग हे काय? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरीही मी पास झाले.

तेव्हापासून मला उलगडत नाही. तो म्हातारा देवीने पाठवला म्हणावं, तर पेपर माणसाचा असताना बैलाचं शास्त्र कशाला पाठवलं? योगायोग म्हणावं, तर चाक आमच्याच दाराशी का निखळलं? पुढच्या वर्षी तो म्हातारा आदिलाबादच्या बाजारात भेटला. मी भर रस्त्यात पाया पडले. तो गडबडला. "म्या काय सांगतलं होतं, माय?" त्याला फक्त बैल आठवत होता. "चालते आता नीट," म्हणाला.

ज्याच्या हातून मिळालं त्यालाच पत्ता नाही, तर मी कुणाकडे खुलासा मागणार? समजून घ्यायचा हट्ट मी दातओठ खाऊन धरला होता. त्या दिवशी तो बाजारातच सुटला. माझा राग कुठे गेला तेही कळलं नाही. त्याच पावसाळ्यात गावातल्या दोन पोरी ट्रंका घेऊन वसतिगृहाच्या दारात उभ्या राहिल्या. एकीच्या वडिलांनी मला विचारलं, "जमंल का वो हिले?" मी तिची ट्रंक उचलून आत ठेवली.