पोरगी तेच, ताट येगळं

मधमाश्यांच्या पेटीचं झाकण उचललं की काका एकच वाक्य म्हणायचे, "पोरगी तेच हाये मॅडम, ताट येगळं हाये."

काका आमच्या अकोल्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. शिक्षण सातवी. मी तिथे पीएच.डी. करत होते. विषय असा, की एकाच राणीच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या, जनुकं तीच. पण जिला शेवटपर्यंत भरपूर रॉयल जेली मिळते ती राणी होते, आणि जिला तीन दिवसांनी मध-परागावर आणतात ती कामकरी. खाण्यामुळे कोणती जनुकं जागी होतात आणि कोणती झोपतात, ते मला शोधायचं होतं. हे समजावायला मला एक प्रकरण लागलं. काकांना चार शब्द पुरले, आणि माझे मार्गदर्शक सर मला म्हणाले, "काकांचं वाक्य प्रस्तावनेत घ्या." मी घेतलं नाही.

मी अमरावतीच्या राजापेठेतली, ट्यूशन क्लासच्या गल्लीत वाढलेली आणि पहिलीपासून पहिली आलेली. कुणी आपल्यापुढे असतं याची मला सवय नव्हती.

प्रयोगासाठी एक दिवसाची अळी पोळ्यातून उचलून मेणाच्या वाटीत ठेवावी लागते. अळी एवढीशी, स्वल्पविरामाएवढी. जरा धक्का लागला की मेली. मग माश्या ती वाटी साफ करून टाकतात. मी परदेशी सुई मागवली होती. काकांकडे कोंबडीच्या पिसाचा देठ तासून केलेली काडी होती. त्यांच्या जवळजवळ सगळ्या वाट्या माश्या स्वीकारायच्या आणि माझ्या सकाळी रिकाम्या दिसायच्या. हे महिनाभर रोज पाहायचं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मॅडम, श्वास सोडत उचला," ते म्हणायचे.

"मला येतं," मी म्हणायचे.

शेवटी मी त्यांना रसायनं आणायच्या निमित्ताने दिवसभर अमरावतीला पिटाळलं आणि स्वतः तीस वाट्या भरल्या. बारीक अळ्या सुईवर येईनात, म्हणून जरा मोठ्या उचलल्या. त्या पटापट आल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तर जवळजवळ सगळ्या स्वीकारलेल्या! मी सरांना बोलावलं. सर माश्यांना भयंकर घाबरत. दहा फुटांवरून मान डोलावून ते म्हणाले, "वा, हात बसला तुमचा." काका शेजारीच उभे होते. त्यांनी वाट्यांची चौकट उन्हाकडे धरून पाहिली आणि खाली ठेवली. मला वाटलं, आता यांच्या पोटात दुखतंय. फार बरं वाटलं.

सर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "मॅडम, तीन दिसाच्यावरच्या अळ्या हायेत ह्या. याची ना धड राणी होईन, ना धड कामकरी."

परवा नमुने काढायचे होते. चुकले असते तर वर्ष गेलं असतं.

"सरांसमोर का नाही बोललात?"

"कावून बोलू? तुमी खुश होत्या." मग त्यांनी मला मागच्या पेटीकडे नेलं. अमरावतीची गाडी पकडायच्या आधी पहाटे येऊन त्यांनी तिथे दुसरी चौकट भरून ठेवली होती. वर चिठ्ठी होती, माझ्या नावाची. "असू द्या म्हटलं एक. लागली तर लागली."

रागावायलाही जागा ठेवली नाही त्या माणसाने. मी तीच चौकट वापरली. निकाल सुरेख आले. आणि प्रबंधात मी लिहिलं, अळ्या उचलण्याचं काम लेखिकेने स्वतः केलं. काकांचं नाव शेवटी, आभाराच्या पानावर, टंकलेखकाच्या खाली. मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लय झालं, मॅडम. आमच्या ताटात सातवीपर्यंतचंच व्हतं."

पुढे मी तिथेच शिकवायला लागले. ते निवृत्त झाले आणि परतवाड्याजवळ आपल्या गावी गेले. मागच्या उन्हाळ्यात वारले. मी गेले नाही; परीक्षा होत्या, असं सांगितलं.

परवा माझी विद्यार्थिनी प्रबंध घेऊन सहीसाठी आली. कामाच्या पद्धतीच्या प्रकरणात पहिल्याच ओळीत काकांचं पूर्ण नाव होतं; अळ्या उचलायला त्यांनी शिकवलं म्हणून.

"तुला कधी शिकवलं त्यांनी?"

"मी त्यांच्या गावी जायचे ना, मॅडम, दर रविवारी. मी म्हटलं, शिकवा. तर हसले. म्हणाले, एवढ्या वर्षांत कोणं इचारलंच नाई."

मी सही केली. तिने पेन ठेवायला कंपासपेटी उघडली, तर आत कोंबडीच्या पिसाची ती काडी होती. टोकाला अजून मेण लागलेलं.

खरं सांगते, त्या क्षणी मला काकांची आठवण आली नाही. मला ती काडी हवी होती.