वाळूवर काच नको म्हणणाऱ्या नजमाआपा

डॉ. नजमाआपा मुकादम यांच्याशी माझी ओळख बोलणी खाऊन झाली, हे त्यांच्या षष्ट्यब्दीच्या या ग्रंथात आधीच सांगून टाकतो. कुवेतमधल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात वस्तूंच्या जतनाच्या कामावर मी नुकताच रुजू झालो होतो. ऑगस्टच्या उन्हात खोकी उतरवताना एक खोके मी उलटे ठेवले आणि आपांनी मला हिंदीतून फैलावर घेतले. मी मराठीत काहीतरी पुटपुटलो. आपा थांबल्या. "अहो, तुम्ही मराठी? मग मी हिंदीत कशाला दमले!" असे म्हणून उरलेले त्यांनी मराठीत सुनावले. ते जास्त लागले.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आलेल्या आपा इथल्या प्रदर्शनांच्या प्रमुख आहेत. मेलानेशिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडची, प्रशांत महासागरातली बेटे. तिथल्या परंपरांतून आजचे कलावंत जे घडवतात, त्याचे प्रदर्शन कुवेतमध्ये भरवायचा हट्ट आपांचाच. "बघायला येणार कोण?" असे आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही तरी याल ना? तिथून सुरुवात करू."

प्रदर्शनातला पहिला मान याच बेटांपैकी वानुआतूच्या लेआसीबाईंच्या वाळूचित्राला होता. पसरलेल्या वाळूवर बोट न उचलता एकच रेघ फिरत जाते, सोबत गोष्ट चालते. रेघ निघाली तिथे परतली की गोष्ट संपते आणि चित्र पुसले जाते. आम्ही जतनवाले. पुसायचे कसले? आम्ही मापे घेऊन उत्साहाने जाड काचेचे झाकण करून घेतले.

ते पाहून लेआसीबाई शांतपणे म्हणाल्या, "काच ठेवणार असाल तर मी चित्र काढणार नाही."

उद्घाटन तोंडावर आले होते. संचालकांना चित्र महिनाभर टिकायला हवे होते. आपांचा करार त्याच महिन्यात संपत होता आणि नूतनीकरणाचा कागद संचालकांच्याच टेबलावर होता. साठीला टेकलेल्या परदेशी माणसाने इथे अशा वेळी गप्प बसायचे असते, हे आपांना कुणी शिकवायला नको होते. तरी त्या भर बैठकीत म्हणाल्या, "आमच्या गावी शेजारच्या जोशीकाकू रोज दारात रांगोळी काढायच्या. तिच्यावर काच ठेवलेली मी कधी पाहिली नाही. चित्र रोज नवे निघेल. हे माझे शेवटचे प्रदर्शन ठरले तरी चालेल." मला त्या क्षणी त्यांचा विलक्षण अभिमान वाटला. संचालकांनी नाइलाजाने होकार दिला, कराराच्या कागदाला मात्र हात लावला नाही.

रोज नवे चित्र म्हणजे लेआसीबाईंचा मुक्काम महिनाभर वाढणार. संग्रहालयाकडे तेवढी सोय नव्हती. आपांनी त्यांना शहराच्या सबाह अल-सालेम भागातल्या आपल्या घरी नेले. तिथे खवणी दिसताच लेआसीबाई न विचारता तिच्यावर बसल्या आणि नारळ खवू लागल्या. त्यांच्या बेटावरही अशीच बैठकीची खवणी असते म्हणे. आपांचे यजमान कौतुकाने म्हणाले, "ही तर आमच्याच गावची निघाली!" माशाच्या कालवणावर दोघींची जी मैत्री जमली, तिला भाषेची अडचण कधी आली नाही.

उद्घाटनाला दालन भरले. रेघ वळत गेली, कासवाची गोष्ट चालली, रेघ परतून मिळाली. लेआसीबाईंनी तळहात फिरवला आणि सारे पुसून टाकले. मग टाळ्यांनी दालन दणाणले! दुसऱ्या दिवशी दाराबाहेर रांग लागली आणि तिच्यात सहकुटुंब उभे होते आमचे संचालक. आपांच्या करारावर त्यांनी त्याच आठवड्यात सही केली. आमची काच अजून तळघरात भिंतीला टेकून आहे. जाता-येता आपा तिच्यावर टिचकी मारतात.

आपा, तुमची साठ वर्षांची रेघ सुरेख फिरून आली आहे. या ग्रंथात ती जपून ठेवण्याचा आमचा खटाटोप म्हणजे पुन्हा काचच, हे आम्हाला कळते. तेवढे चालवून घ्या. तुम्हाला उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. आता वाळूवरून हात फिरवा आणि नवी रेघ सुरू करा. आम्ही रांगेत उभे आहोत.